नेमिनाथ मगदुमांची मान

हुपरीची चांदी कोण घडवतं असं परगावच्या माणसानं विचारलं, की गावकरी पेठेकडे बोट दाखवतात. पेठेत गाद्या असतात, तक्के असतात, तक्क्यांना टेकलेले पुरुष असतात आणि त्या पुरुषांपुढे चहाचे ग्लास असतात. चांदी तिथं कुणीच घडवत नाही. ती घडते मागच्या गल्ल्यांत, सोप्याच्या खिडकीखाली, मान मोडून बसलेल्या बायकांच्या हातात. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि दोन हजार बेचाळीस साल उजाडलं तरी ते उघड बोलायची पद्धत नव्हती.

या पद्धतीचं सर्वांत गुटगुटीत फळ म्हणजे नेमिनाथ मगदूम. पांढरा सदरा, सोनेरी काडीचा चष्मा, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की आत्ताच एखादी अजोड वस्तू घडवून उठलोय. यंत्रं आता मिनिटाला शंभर पैंजण ओकत होती, त्यामुळे हातच्या मालाचा भाव आभाळाला टेकला होता, आणि त्यातही मगदुमांच्या सातपदरी पैंजणांना तोड नव्हती. सात साखळ्या एकीत एक गुंतलेल्या, आणि जोड कुठं आहे ते भिंगातूनही सापडत नसे. बंगळूरहून गिऱ्हाईक आलं की नेमूआण्णा पैंजण उजेडात धरत, डोळे अर्धे मिटत आणि म्हणत, हे शिकून येत नाही, अंगात असावं लागतं. गिऱ्हाईक मान डोलवी. पलीकडे गल्लीच्या खिडकीखाली त्यांची बायको त्रिशला तोंडात फुंकणी धरून पुढची कडी झाळ देऊन जोडत असे, त्यामुळे तिला हसता येत नसे.

सातपदरीची कल्पना तिची, हात तिचे, डोळे तिचे. छाप मात्र 'ने. म.' असा. पस्तीस वर्षं दिव्याच्या ज्योतीत फुंकणीनं फुंकर घालून आणि चिमट्यानं कड्या जोडून तिचा उजवा खांदा कानाला जाऊन चिकटला होता. हात कानाच्या वर जाईना. फणी डोक्याकडे जात नव्हती म्हणून ती डोकं फणीकडे न्यायची. उजव्या कुशीवर झोपून बारा वर्षं झाली होती. कधी कण्हली तर नेमूआण्णा पेपरातून मान न काढता म्हणत, बायकांना काम नसलं की खांदा आठवतो.

अशा या गावातल्या आरोग्य केंद्रात त्या वर्षी दोन लोळपाट आले. सरकारी कागदावर त्यांचं नाव 'स्नायुशिथिलक शय्या' असं होतं. ते उच्चारताना दोघातिघांचे दात हलले म्हणून गावानं लोळपाट केलं. ते चालवायला कागलहून तरन्नुम मुल्ला नावाची बाई आली. चाळिशीची, सडपातळ, आणि सरकारी नोकरीत असून माणसाकडे बघून बोलणारी.

लोळपाटाचं शास्त्र ती येणाऱ्या प्रत्येकीला समजावून सांगायची. स्नायू स्वतःहून काहीच धरून ठेवत नाही, तो बिचारा हुकमाचा ताबेदार. मेंदू म्हणतो आवळ, तो आवळतो. कडी जोडताना खांदा वर, मान पुढे, दात घट्ट, हा हुकूम रोज दहा तास, वर्षानुवर्षं सुटत राहिला, की मेंदू तो मागं घ्यायलाच विसरतो. काम संपतं, माणूस निजतो, खांदा मात्र कामावरच असतो. अशा खांद्याला तालमीतल्या पैलवानासारखं रगडलं तर मेंदू घाबरून हुकूम आणखी कडक करतो. त्याऐवजी आवळलेला स्नायू मुद्दाम तिळभर जास्त आवळायचा आणि मग मुंगीच्या चालीनं सोडत आणायचा. इतक्या हळू सोडला की मेंदूला त्याची खबर लागते, आणि त्याला आठवतं, अरेच्चा, हे माणूस अजून कामावर बसलेलंच आहे. लोळपाटात अंगठ्याएवढ्या हजारो हवेच्या उश्या होत्या. कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लहरी अंगात पाठवून कुठला धागा ताठ आहे ते पाट शोधायचा, आणि मग त्या उश्या अंग तसूतसूनं उचलायच्या, थांबायच्या, खाली सोडायच्या. तासाभराच्या सात बैठका झाल्या की माणूस मोकळा.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण छान गोष्ट सरकारी मंडळाच्या नजरेला पडली की तिला शिंगं फुटतात.

ताठ राहिलेल्या धाग्याभोवती शरीर दरवर्षी एक पातळ वेष्टण चढवतं, झाडाच्या खोडात वलयं पडतात तसं. लोळपाटाला ती वेष्टणं मोजता येत. म्हणजे कुठल्या माणसानं कुठला अवयव किती वर्षं ताणला, याचा नकाशाच निघायचा. त्याला नाव पडलं अंगपट. राज्याच्या हस्तकसब मंडळातल्या कुणा हुशार माणसानं तो बघितला आणि टाळी वाजवली. हातचा माल म्हणून यंत्राचा माल खपवणारे भामटे पकडायचे कसे, या प्रश्नावर मंडळ आठ वर्षं बिस्किटं खात बसलं होतं. आता नियम निघाला: पुढच्या चैत्रापासून हातच्या मालावर तो घडवणाऱ्याचंच नाव ठोकायचं, आणि घडवणारा कोण ते अंगपट सांगेल. घरटी सगळ्यांना पाटावर झोपवून तपासणार. दुसरा कुठलाही पुरावा चालणार नाही. म्हणजे एखादा इसम मंडळासमोर बसून सोन्याची लंका घडवत असेल तरी मंडळानं डोळे मिटून त्याच्या खांद्याचा कागद मागायचा.

नियमाला एक गाठ होती. एकदा लोळपाटावर मोकळं झालं, की वीसेक दिवसांत शरीर ती जुनी वेष्टणं विरघळवून टाकतं. अंगपट कोरा होतो. दुखणं गेलं की पुरावाही गेला.

ही बातमी पेठेत आली त्याच दिवशी संध्याकाळी नेमूआण्णांनी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला स्वतःच्या हातानं चहा करून दिला. चहा कसला, साखरेचं पाणी होतं, पण दिला. शेजारी बसले. तिच्या खांद्याकडे असे बघत राहिले जणू तो आज सकाळीच उगवलाय. म्हणाले, किती सोसतीस तू, माझं लक्षच नव्हतं, उद्याच्या उद्या त्या मुल्लाबाईकडे जा, घरचं काय असेल ते राहू दे. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याची पिशवी आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी परस्पर तिचं नाव केंद्रात नोंदवलं, सातही बैठकांचं, तपासणीच्या आधी महिनाभर संपतील अशा बेतानं.

त्रिशलानं तो चहा प्यायला आणि मनाशी म्हणाली, साप दूध प्यायला लागला की घरात काहीतरी शिजतंय.

काय शिजतंय ते तिला केंद्रात कळलं. तरन्नुमनं नियम वाचून दाखवला, कागद मिटला आणि दार लावून घेतलं.

"काकी, सरळ सांगते. तपासणीला दोन महिने आहेत. तेवढे दिवस थांबा. तुमचा एकटीचा अंगपट काढला तरी मंडळाची बोलती बंद होईल. पैंजणावर तुमचं नाव येईल. आज झोपलात तर परत काही सिद्ध करता येणार नाही."

"आणि दोन महिन्यांत हा खांदा?"

"आहे तसाच ठेवायला लागेल. काम थांबवायचं नाही, नाहीतर वरचं वेष्टण सैल पडतं."

त्रिशला त्या दिवशी पाटावर न झोपता घरी आली. नेमूआण्णांना सांगितलं, यंत्र बिघडलंय. त्यांचं तोंड इतकं उतरलं की तिला त्यांची जवळजवळ कीव आली. जवळजवळच.

तर ठरलं की थांबायचं. तिनं खिडकीखाली बसायचा पाट मांडला, फुंकणी तोंडात धरली आणि आपलं दुखणं जपायला सुरुवात केली. मनात एक छाप तयार होत होता: 'त्रि. म.' रात्री खांदा ठणकला की ती त्याला म्हणायची, गप बस, तुझ्यामुळंच नाव मिळणार आहे.

पण पंधरा दिवसांत गावाची जी काही शोभा झाली ती बघून तिचं मन फिरलं. दुखण्याला भाव आला होता. ज्या बायका कंबर धरून केंद्रापुढे रांग लावायच्या त्या आता घरी बसून कंबर मिरवायला लागल्या. हळदीकुंकवाला साड्या बाजूलाच राहिल्या, माझा मणका बघ, तुझं मनगट काय घेऊन बसलीस, अशी चढाओढ. एकीनं जावेला म्हणे ठणकावून सांगितलं, कालची आलेली तू, तुझी मान कसली दुखते. आणि पुरुष? त्यांना तर दुखण्याचा दुष्काळ. पस्तीस-चाळीस वर्षं तक्क्याला टेकलेली ती मऊ, लोण्यासारखी शरीरं. त्यांत वलय शोधायचं तर पोटावरच सापडलं असतं. मग कुरणे नावाच्या निवृत्त कवायत मास्तरानं लग्नाच्या हॉलमध्ये वर्ग काढला. 'साठ दिवसांत तीस वर्षांचा खांदा', अशी पाटी.

त्रिशला एकदा बाजारातून येताना त्या हॉलच्या खिडकीशी थांबली. आत पेठ भरली होती. गावचे मानकरी मांडी घालून ओळीनं बसलेले, प्रत्येकाच्या उजव्या खांद्यावर वाळूची पिशवी, तोंडात लाकडी फुंकणी, पुढ्यात विझलेला दिवा. मास्तर छडी घेऊन फिरत होता आणि हनुवटी खाली, खांदा वर, चेहरा दुःखी, असे हुकूम सोडत होता. एका शेठजींचा चुकून डावा खांदा आखडला होता म्हणून ते रडकुंडीला आले होते. पहिल्या ओळीत नेमूआण्णा. वाळूच्या वजनानं वाकडे झालेले, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, आणि विझलेल्या दिव्यावर मनापासून फुंकर घालत होते.

तिला वाटलं होतं राग येईल. आली ती शिसारी. या रांगेत आपणही बसलोय, एवढंच तिला दिसलं. यांच्या पिशवीत वाळू आहे आणि आपल्या खांद्यात खरं दुखणं, पण राखायचं ते कशासाठी, त्याच मंडळापुढं उघडं करून दाखवायला? खिडकी बारा महिने उघडी असते. गल्लीतल्या प्रत्येक माणसानं आपल्याला तिथं वाकलेलं बघितलंय. ज्यांनी पस्तीस वर्षं बघून बघितलं नाही, त्यांना आता लोळपाटाकडून ऐकायचं आहे.

ती तशीच बाजाराची पिशवी घेऊन केंद्रात गेली आणि पाटावर जाऊन पडली.

तरन्नुम म्हणाली, "काकी, नाव जाईल."

"जाऊ दे. नाव डोकं विंचरत नाही."

"मी तुमच्या जागी असते तर थांबले असते."

"तुझा हात वर जातो, बाई. म्हणून तुला थांबता येतं."

 तरन्नुमनं पाट सुरू केला आणि आपला एक तळवा काकींच्या मानेखाली ठेवला, कारण यंत्राला सगळं कळत असलं तरी माणूस कधी श्वास धरून ठेवतो ते हातालाच आधी कळतं, असा तिचा अनुभव होता.

उश्या हलल्या की नाही तेही त्रिशलाला समजेना. खांदा कुणीतरी एका तिळाएवढा वर उचलला, थांबलं, आणि मग सोडायला लागलं. इतकं सावकाश की मध्येच तिला डुलकी लागली. मोठ्या घरात रात्री कुणीतरी खोल्याखोल्यांतून फिरत एकेक दिवा मालवत जावं तसं अंगात काहीतरी चाललं होतं. कुठले दिवे लागलेले होते हेही तिला आजच कळत होतं. सातव्या बैठकीनंतरच्या सकाळी ती सवयीप्रमाणे डोकं वाकवून फणीकडे गेली, आणि हात आपणहून इतका वर आला की फणी भांग ओलांडून थेट मानेवर गेली. ती आरशापुढं बराच वेळ केस विंचरत बसली. विंचरून झाले की विस्कटायची आणि परत विंचरायची.

नेमूआण्णा दारातून बघत होते. "बरं वाटतंय का?" असं त्यांनी फार मायेनं विचारलं, आणि मग आपली वाळूची पिशवी घेऊन वर्गाला गेले.

चैत्रात मंडळ आलं. केळुसकर नावाचे मुख्य परीक्षक, दोन मदतनीस आणि शिक्क्यांची पेटी. केंद्राच्या अंगणात सगळी गल्ली जमली. आधी पेठेतले नऊ शेठ झोपले आणि नऊच्या नऊ पडले. साठ दिवसांच्या वाळूनं नुसती सूज आली होती; यंत्रानं सात जणांच्या कागदावर 'अलीकडचा लचक' आणि दोघांच्या कागदावर 'अपचन' एवढंच लिहिलं. कुरणे मास्तर मागच्या दारानं निघून गेला.

दहावे नेमूआण्णा. ते झोपले तेव्हा त्यांचे दात वाजत होते. तरन्नुमनं पाट सुरू केला, पडद्यावर नकाशा उमटला आणि ती पुढं वाकून बघतच राहिली. मान, जबडा, दोन्ही खांदे, छातीचा वरचा पट्टा, सगळीकडे वलयंच वलयं. दाट, सलग, एकही वर्ष न चुकलेली.

केळुसकरांनी चष्मा पुसला आणि उभं राहून जाहीर केलं की पस्तीस वर्षांचा इतका अखंड ताण त्यांनी आजवर कुठल्याही कारागिराच्या अंगात पाहिलेला नाही.

 नेमूआण्णांनी डोळे उघडले. सर्वांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं होतं.

तरन्नुम मागं सरकून त्रिशलाच्या कानाशी आली. "काकी, हा काम केल्याचा ताण नव्हे. हा भिऊन राहिल्याचा आहे. जबडा बघा, छातीचा पट्टा बघा. यंत्राला नुसतं आवळलेलं कळतं, का आवळलं ते कळत नाही. पस्तीस वर्षं हे माणूस कशाला भीत होतं?"

त्रिशलाला उत्तर पाठ होतं. गिऱ्हाईक दारात आलं की ह्यांची मान ताठ व्हायची. कुणी म्हणेल, आण्णा, एक जोड आमच्यापुढं झाळून दाखवा. पस्तीस वर्षांत कुणीच म्हटलं नाही; पण ते रोज, प्रत्येक गिऱ्हाइकापुढं, ते वाक्य यायची वाट बघत आवळून बसले होते. बिचाऱ्यानं कष्ट केले होते खरे. घडवलं काहीच नव्हतं, एवढंच.

मग नियमाप्रमाणे घरातली दुसरी व्यक्ती म्हणून तिला झोपवलं. पडदा कोरा. केळुसकरांनी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशा नजरेनं साहेब लोक नवऱ्याच्या जिवावर पोसलेल्या बाईकडे बघतात, आणि मदतनिसाला सांगितलं, लिहा, हिच्या अंगात काम आढळत नाही. मदतनिसानं लिहिलं, शिक्का मारला. अंगणात सत्तर माणसं होती. त्यांतली निम्मी तिच्याच हातचे पैंजण घालून आली होती. एकानंही तोंड उघडलं नाही. एकीनं फक्त पाय साडीखाली ओढून घेतले.

त्रिशलानं त्या कागदाची प्रत मागून घेतली.

आठ दिवसांनी 'ने. म.' असा नवा सरकारी छाप वाजतगाजत घरी आला आणि त्याच्या पाठोपाठ बंगळूरची बारा जोड सातपदरींची मागणी. नेमूआण्णांनी ती वाचली, खाकरले आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं की चल, बस आता, लग्नाचा माल आहे.

त्रिशलानं तो कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"माझ्या अंगात काम नाही. मंडळानं लिहून दिलंय."

"अगं, ते कागदावर."

"मग? मी सरकारला खोटं पाडू? छाप तुमचा, मान तुमची. आता हातही तुमचेच लागतील. दरवर्षी नवं वलय दाखवायला लागतंय म्हणे, नाहीतर छाप काढून नेतात. आणि का नेला ते गावात जाहीर सांगतात."

ते चिडले, मग विनवलं, मग नातेवाइकांना बोलावलं. नातेवाईक आले, चहा प्यायले, कागद वाचला, आणि सरकारी कागद असल्यामुळे कुणाला काही बोलता येईना. शेवटी नेमिनाथ मगदूम वयाच्या बासष्टाव्या वर्षी खिडकीखाली बसले. पहिल्या फुंकरीला दिवा विझला, दुसरीला भुवई जळली, तिसरीला चांदीचा गोळा झाला. त्रिशलानं त्यांना शिकवलं. तेवढी ती दुष्ट नव्हती. कडी कशी धरायची, झाळ कुठं थांबवायची, सगळं नीट सांगितलं. चूक झाली की मात्र आवाज न चढवता म्हणायची, "असू दे. अंगात असावं लागतं." बंगळूरकरांना बाराऐवजी एक जोड गेला, तोही दोनपदरी, आणि त्यातला सांधा लांबून दिसत होता. पण वर सरकारी छाप असल्यामुळे बंगळूरकरांनी तो भिंगातून बघून बघून फार वाखाणला.

ती स्वतः सकाळचे दोन तास केंद्रात जायला लागली. मानेखाली तळवा कसा ठेवायचा, बाईचा अडकलेला श्वास बोटांनी कसा ओळखायचा, हे तिला तरन्नुमपेक्षा लवकर जमलं. कड्या जोडणाऱ्या बोटांना केसाएवढा फरक कळतो. दुपारनंतर ती मनाला येईल तसं वागायची, म्हणजे बहुतेक वेळा काहीच करायची नाही.

दसऱ्याच्या आसपास एका सकाळी केंद्राच्या रांगेत नेमूआण्णा उभे राहिले. पाच-सहा महिन्यांच्या खऱ्या कामानं आणि पस्तीस वर्षांच्या जुन्या भीतीनं मिळून त्यांची मान अशी बसली होती की ते जमिनीशी बोलत आहेत असं वाटावं. त्यांचा नंबर आला. ते पाटावर पडले तेव्हा आईगं असा एवढा खरा आवाज त्यांच्या तोंडून निघाला, की त्रिशलानं लगेच त्यांच्या मानेखाली हात दिला. ती मान तिनं कधी हातात घेतली नव्हती. दगड होता नुसता.

तरन्नुमनं यंत्रावर त्यांचा नंबर घातला आणि लाल अक्षरं उमटली. तिनं ती वाचून दाखवली: छापधारक कारागिरानं शिथिलन घेतल्यास अंगपट कोरा होऊन छाप रद्द होईल, मान्य असल्यास अंगठा लावावा.

नेमूआण्णांनी अंगठा उचलला. काचेपासून बोटभर अंतरावर तो थांबला. बाहेर रांगेतल्या बायका वाकून बघायला लागल्या. त्यांनी खालूनच बायकोकडे डोळे फिरवले.

"तू काय केलं असतंस?"

"मी केलं की. तुम्हीच तर चहा पाजून मला पाठवलं होतं."

अंगठा आणखी थोडा वेळ हवेत राहिला. मग तो मागं गेला. नेमूआण्णा एका कुशीवर वळले, हातावर भार देऊन कण्हत उठले, चपला चाचपल्या आणि कुणाकडे न बघता म्हणाले की उद्या बघू, आज जरा कामाची घाई आहे. वाकलेली ती मान घेऊन ते रांगेच्या कडेनं पेठेच्या दिशेनं गेले. त्रिशलानं पाटावरची चादर झटकली आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

तो उद्या अजून उगवलेला नाही. मंडळाची माणसं दर चैत्रात येतात आणि मगदुमांची मान तपासतात. गेली तीन वर्षं तिच्यापुढं एकच शेरा पडतो आहे: उत्कृष्ट.